गवतातला काळा बूट

"लेस दिसून राहिली! काढ, काढ, वासरं बाहेर काढ!" जबलपूरजवळ, पनागरच्या माळावर, गवताच्या मधोमध उभा राहून दत्तू असा ओरडत होता, की तिकडे महाराजपुरात लोकांनी वाकून आपापल्या बुटांच्या लेस बांधल्या असतील. गुराखी रामदीन धावत आला. "अरे भैया, अभी तो इतनी घास बाकी है!" "तुले गवत दिसते, मले लेस दिसून राहिली!" दत्तूनं आपल्या उजव्या बुटाकडे बोट दाखवलं, आणि वासरं तोंडातला घास तोंडात घेऊनच बाहेर निघाली. ही आमची शेवटची भेट. पुढच्याच महिन्यात सकाळी त्याच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, गेले हो." मी विचारलं, "कुठे?" माणूस एवढ्या मोठ्यानं जगलेला, की गेला म्हणजे बाजाराला गेला, एवढंच मला सुचलं...

दत्तू आणि मी एकाच फॅक्टरीत, शेजारशेजारच्या मशीनवर उभं आयुष्य काढलं. रिटायर झाल्यावर लोक सोफा घेतात. यानं माळ घेतला, वर वासरं आणि मेंढ्या. पहिल्या वर्षी सगळी जनावरं सगळ्या माळावर एकदम मोकळी सोडली. मेंढ्यांनी माळ असा भादरला की विमानातून बघणाऱ्याला वाटावं, जबलपूरला टक्कल पडलं. मागून वासरांची तोंडं मातीला लागली. खुरट्या गवताच्या बुडाशी जंत असतात, हे आम्हा लोखंड कापणाऱ्यांना कोण सांगणार? पोटं फुगली, अंगावरचे केस राठ झाले, आणि चांदणी नावाची कालवड त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मेली. त्या दिवशी दत्तू ओरडला नाही. इतकं गप्प मी त्याला मशीन बंद असतानाही पाहिलं नव्हतं.

मग त्यानं दोऱ्या बांधून माळाचे चार तुकडे केले आणि फॅक्टरीसारख्या शिफ्ट लावल्या. आधी वासरं, त्यांना वरचं कोवळं गवत, त्यांच्यामागून मेंढ्या, आणि मग तुकडा बंद. "गवतालेबी सुट्टी पाहिजे ना बाप्पा!" माप म्हणजे फॅक्टरीचा काळा बूट. गवतात अख्खा बुडाला तर वासरं आत. लेस दिसली की बाहेर. बुटाचा तळ दिसायच्या आत मेंढ्याही बाहेर. "पट्टी हरवते," तो म्हणायचा, "पाय कुठं हरवते?" वहिनी मात्र रोज भांडायच्या. "काहून छळून राहिले लेकरांना? गवत डोळ्यापुढं अन् वासरं दाव्याला!" चुलीपाशी उभ्या राहून त्या बुटाला शिव्या द्यायच्या, दत्तूला थेट देता येत नव्हत्या म्हणून. इकडे वासरं मात्र अशी भरली, की एकाला मी म्हैस समजून रस्ता दिला, नमस्कारही केला असेल. कोकरं तर रामदीनच्या हातून निसटली की त्यालाच फरफटत नेत... थोडं कमी-जास्त धरा, पण त्यानंतर एकही वासरू गेलं नाही, हे अगदी जसंच्या तसं.

परवा पुन्हा गेलो. माळ तोच, पण आवाज नाही. इतक्या मोकळ्या जागेत मला कोंडल्यासारखं झालं. दत्तूनं शेवटचा बंद केलेला तुकडा अजून बंदच होता. यंदाची नवी वासरं कोरड्या कुटाराच्या भुशाला कंटाळून दोरीशी हंबरत होती, मागं कोकरांचा गोंधळ. रामदीन म्हणाला, "भाभी, खोल दें? बच्चे चिल्ला रहे हैं." मलाही राहवेना. म्हटलं, "वहिनी, सोडा आता. ओरडणारं कोण आहे?" बोललो, आणि जीभ चावली.

ओसरीच्या कोपऱ्यातले ते काळे बूट वहिनींनी ओढले. पाय आत पोहत होते. तरी बसून, ओढूनओढून लेस बांधल्या, पदर खोचला आणि दोरी ओलांडून सरळ गवताच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. खाली, बुटांकडे बघत. खरं सांगतो, मी कान टवकारले... आता दत्तू ओरडेल, कुठूनतरी ओरडेल, महाराजपुरापर्यंत ऐकू जाईल.

शेवटी मीच दोरीपलीकडून विचारलं, "काय वहिनी?"

"लेस दिसते अजून," त्या म्हणाल्या.