नोटरीचा शिक्का

झाशीच्या कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली तो नोटरी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बाकीच्यांचे शिक्के टेबलावर उघडे पडलेले असत. त्याचा मात्र कोटाच्या आतल्या खिशात असे.

मानिक चौकातलं आमचं घर वडिलांचं आणि आत्याचं सामायिक. ते विकायला आपली हरकत नाही, असं आत्याचं शपथपत्र घेऊन मी गेलो. सही तिने घरीच केली होती, चष्मा न लावता.

त्याने कागद परत सरकवला. "भैया, जिनकी सही है, उन्हें ले आइए."

"सगी बुआ हैं मेरी," मी चिडून म्हणालो.

"नियम सगों के लिए ही है."

दुसऱ्या दिवशी मी आत्याला ई-रिक्षातून आणलं. त्याने तिला खुर्ची दिली आणि मला दहा पावलं लांब उभं केलं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तो एकेक ओळ मोठ्याने वाचत गेला. मला सगळं ऐकू येत होतं. शेवटी त्याने विचारलं, "माताजी, घर बेचने में आपको एतराज़ तो नहीं?"

आत्याने पदर सावरला. "हमसे तो किसी ने पूछा ही नहीं," ती म्हणाली.

मी तिला फक्त एवढंच म्हणालो होतो, "घराचे कागद आहेत, सही कर."

बाहेर काढलेला शिक्का त्याने रुमालाने पुसला आणि परत खिशात ठेवला. मग आत्याला पाणी दिलं.

खोटे कागद करणारी माणसं वेगळी असतात, असं तोवर मला वाटत होतं.