एकवीस दिवसांचं पाणी

बुलढाण्यात दहा वर्षं भाड्यानं राहिल्यावर आम्हाला एक घर आवडलं. आम्हाला म्हणजे मला. नवरा घरमालकाच्या कुरकुरीला इतका कंटाळला होता, की त्याला कोणतंही चाललं असतं. घर जुनं, जवळजवळ माझ्याच वयाचं, पण नुकताच रंग दिलेला. विकणारे गुरुजी आता मुलाकडे पुण्याला निघाले होते. मागच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी होती, आणि ती खोली मी मनातल्या मनात लेकीला देऊनही टाकली होती. सोमवारी इसार देऊन व्यवहार पक्का करू, असा शब्द मी गुरुजींना दिला.

आई माझ्या माहेरी, धाड गावी असते. ती फोनवर एवढंच म्हणाली, "चाचाले दाखवल्याबगर इसार देऊ नको."

चाचा म्हणजे गावचे मिस्त्री. धाडचं आमचं घर त्यांनीच बांधलेलं. आता काम मुलं बघतात, तरी मी बोलावलं म्हणून शनिवारी सकाळच्या एसटीनं आले. पिशवीत हातोडी आणि आईनं दिलेले ज्वारीचे पापड. चाचांना दुसऱ्याचं बांधकाम कधीच पसंत पडत नाही, फाटकापासूनच नावं ठेवायला सुरुवात होते. गुरुजींनी किल्ली देऊन ठेवली होती, त्यामुळे घरात मी, नवरा आणि चाचा, आम्ही तिघंच. आज चाचा भरपूर बोलणार, म्हणून मी तयारीतच होते.

पण जिन्यापाशी ते थांबले. पहिल्या पायरीत फुटक्या बशीच्या तुकड्यांचं एक फूल बसवलेलं होतं. चाचा त्या पायरीवर बसले आणि त्या फुलावरून हात फिरवत राहिले.

"बाई, हे त माह्यंच काम हाय."

मला केवढा आनंद झाला! "मंग काय पाहाचं राह्यलं, चाचा? दुधात साखर!"

"खुश काऊन होऊन राह्यली? घेऊ नको हे घर."

मग त्यांनी सांगितलं. स्लॅब भर मे महिन्यात टाकला होता. स्लॅबला तीन आठवडे पाणी मारावं लागतं, तेव्हा तो पक्का होतो. त्या वर्षी टँकरशिवाय पाणी नव्हतं. पाचव्या दिवशी गुरुजी म्हणाले, प्यायला नाही तर छताला कुठून आणू? "म्या बी हाव म्हनलो. दुसरं काम लागलं होतं मले." एवढं बोलून चाचांनी मागच्या खोलीत स्टुलावर चढून छतावर हातोडी मारली. रंगासकट प्लास्टरचा पोपडा खाली आला. आतली सळई गंजून फुगली होती.

"दुरुस्त करून घेऊ ना," नवरा म्हणाला.

"ठिगळ लावून छत टिकत नसते, जावईबापू."

माझं डोकं फिरलं. हाताशी आलेलं घर निसटत होतं आणि राग काढायला समोर चाचाच होते. जिभेला हाड नसतं. मी म्हणाले, "बिघडवलं तुमीच अन् नको म्हनता बी तुमीच! मंग आमच्या घराचं काय? तेबी त्याच उन्हाळ्यात बांधलं ना?"

बोलले आणि लगेच लाज वाटली. चाचा मात्र रागावले नाहीत.

"त्याच महिन्यात. पर तुमच्या छताले पानी भेटलं. तुही माय एकवीस दिवस पहाटं उठून मळ्यातल्या विहिरीवरून घागरी आनत होती. तू पोटात होती तवा. म्या म्हनलो, वहिनी, ऱ्हाऊ द्या, अशा दिवसात इतकं करू नये. त म्हने, भाऊ, ह्याच छताखाली माहं लेकरू झोपनार हाय."

मी वर बघितलं. लेकीचा पलंग मी मनातल्या मनात नेमका त्याच जागेखाली मांडला होता.

रविवारी गुरुजींना सांगून आले, घर नको. छत जाणकाराला दाखवून घ्या, हेही सांगितलं. दिलेला शब्द मोडला म्हणून माफी मागितली. गुरुजी चिडले नाहीत, पण चहाही विचारला नाही. घरी येऊन आईला फोन लावला.

"एकवीस दिवस पानी वाह्यलं, अन् मले कधी सांगितलं काऊन नाही वं?"

"काय सांगाचं त्याच्यात?" आई म्हणाली. "स्लॅब टाकला त पानी माराच लागते. तू सांग, ते घर नको म्हनलं ना?"

"म्हनलं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि मी फोन कानाला तसाच धरून पोटभर रडले.