मावशींच्या नावापुढचं शून्य

आमच्या कंपनीत स्टीलचे डबे बनतात. भाईंदर पूर्वेला दोन गाळे, खाली कारखाना, वर ऑफिस. तिथला कंप्युटरवाला मी. कोणता माल किती बनला, किती गेला, किती पडून आहे, हे रंगीत तक्त्यांत दाखवणारं एक सॉफ्टवेअर शेठनी घेतलं आणि त्याची चाकरी माझ्या नशिबी आली. डबे आम्ही बनवायचे, आकडेही आम्हीच भरायचे आणि आमचेच आकडे बघायला दरवर्षी भाडं मोजायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पहिल्या करारात आठ जणांची नावं होती, पण एका वेळी चौघांनाच रिपोर्ट उघडता येई. पाचव्याने उघडला की आतला एक जण बाहेर फेकला जाई, आणि तो नेमका शेठ असे. मग आरडाओरडा. कंटाळून मीच एक नियम घालून दिला, कोणाला न विचारता. शेठ, अकाउंट्सचे दोघे आणि मी, एवढ्यांनीच उघडायचा. खालच्या चौघांनी माझ्या स्क्रीनवर बघून जायचं.

खालच्यांपैकी तिघे सुपरवायझर, त्यांना असल्या तक्त्यांचं सोयरसुतक नव्हतं. चौथ्या डिस्पॅचच्या मावशी. त्यांनी मात्र माझा नियम देवाची आज्ञा असल्यासारखा पाळला. मावशी तारोडी गावच्या, पन्नाशी उलटलेली, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. रोज सकाळी स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायच्या आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलने शिल्लक मालाचे आकडे उतरवून घ्यायच्या. मग गोदामात जाऊन डब्यांच्या थप्प्या मोजायच्या आणि तासाभराने पुन्हा वर यायच्या.

"तुझं मशिन दोनशे सांगतं. खाली एकशेऐंशीच हाय. वीस डबे चेपलेले, ते कोणी लिवलं न्हाय."

मी मुकाट्याने आकडा बदलायचो. शेठ जो रिपोर्ट बघून मान डोलवायचे, तो या पेन्सिलीमुळे खरा असायचा. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तिसऱ्या कोणाला सांगावं असं कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी करार संपला आणि नव्या अटी आल्या. आता जितकी नावं तितके पैसे, उघडा नाहीतर नका उघडू. एकूण रक्कम तिप्पट. मी फोन केला, तर पलीकडचा गोड आवाज मला सॉफ्टवेअरची 'व्हॅल्यू' समजावू लागला. माझं डोकं सटकलं. म्हटलं, थांबा, पुराव्यानेच तुमचं तोंड बंद करतो. कोणी किती वेळा रिपोर्ट उघडला याची नोंद त्यातच असते. ती छापून काढली. चार नावांपुढे वर्षभराचं शून्य. मोठ्या ऐटीत तो कागद शेठच्या टेबलावर ठेवला. या चौघांचे पैसे आपण का भरायचे, एवढंच मला म्हणायचं होतं.

शेठनी कागद जवळ ओढला. तिन्ही सुपरवायझरांच्या नावांवरून त्यांचं बोट पुढे सरकलं आणि मावशींच्या नावावर थांबलं.

"मशीनवाले ठीक आहेत. पण ही बाई? स्टॉक हिच्याकडे, आणि एकदा पण रिपोर्ट खोलला नाय? मग दिवसभर करते काय?"

"त्या मोजतात, शेठ. हाताने."

"अरे भाऊ, एवढी महाग सिस्टम घेतली, मग हाताने कशाला मोजायचं?"

त्या मोजतात म्हणूनच रिपोर्ट खरा असतो, हे मी दोनदा सांगून बघितलं. पण न उघडण्याचा नियम माझा होता, हे मात्र मी गिळलं. माझ्यावर शेकेल याची भीती वाटली. दुसरं काही नाही.

सुपरवायझरांची फक्त नावं कापली, मावशींची नोकरी कापली. चार नावांचं बिलही आधीपेक्षा जास्तच आलं, ते मावशींच्या पगारातून निघालं. आता गोदामात कोणी मोजत नाही. रिपोर्ट छान दिसतो आणि खोटा असतो.

शेवटच्या दिवशी मावशी वर आल्या आणि सवयीने स्टूलवर बसल्या. बसचा पास ठेवायच्या प्लास्टिकच्या पाकिटातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. त्यांचा पासवर्ड होता, माझ्याच अक्षरातला. मी दिली होती तेव्हाचीच घडी होती.

"हे तुझं तुला," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शेठ कायतरी रिपोर्टवरून बोलत व्हते. मी उघडला असं वाटलं का रे त्यांना? देवाशपथ सांगते, मी एकदापण उघडला न्हाय. तू सांग ना त्यांना."

मी म्हटलं, "सांगतो, मावशी."