कथा आवडली हे सांगायला

संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही. परळची खोली विकून आम्ही बोरीवलीला आलो होतो. आई आधीच गेलेली. बाबा दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि मी अंधेरीच्या एका कचेरीत टायपिंग करत असे. संध्याकाळी घरी येईपर्यंत माझ्यात बोलायची ताकद उरत नसे, आणि बाबांना तर दिवसभर बोलायला कुणी मिळालेलं नसे.

वाचनालयातून पुस्तकं आणून देणं हा मला सुचलेला त्यातल्या त्यात सोपा उपाय. कादंबऱ्या त्यांनी परत केल्या. "एवढी मोठी नको गो. कोण कोणाचा तेच विसरायला होतं." म्हणून मी कथासंग्रह आणायला लागले, मला आवडलेले, मोठ्या खात्रीनं. गिरणगावातल्या कथांचं पुस्तक त्यांनी पहिल्याच पानावर मिटलं. विनोदी कथा शेवटपर्यंत वाचल्या, पण हसले नाहीत. मला वाटलं, सोडून द्यावं.

मग एका रविवारी रद्दीवाल्याकडून काही जुने दिवाळी अंक आणले. त्यातल्या एका कथेपाशी ते थांबले. लेखिकेचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. कथेतली बाई पुष्कळ वर्षांनी बहिणीकडे आठवडाभर राहायला जाते. बहीण लाड करते, आवडीचं करून घालते, कामाला हात लावू देत नाही. आणि ही बाई एक दिवस आधीच पिशवी भरून घरी परत येते. भांडण नाही, काही नाही. बाबांनी ती वाचली आणि मग मला मोठ्यानं वाचायला लावली. मी जांभया देतच सुरुवात केली होती, पण शेवटाकडे येताना माझा आवाज आपोआप हळू झाला.

"हिचं आणखी आण," ते म्हणाले.

आणखी मिळेना. तिचा एकच संग्रह निघाला होता आणि तो कुठेच नव्हता. शेवटी मी कचेरीतून त्या अंकाच्या संपादकांना फोन केला. त्यांनी मुलुंडचा पत्ता दिला. म्हणाले, "जरूर जा. त्यांना हल्ली कुणी विचारत नाही."

"जाऊन सांगूया," बाबा म्हणाले.

"काय सांगायचं?"

"कथा आवडली म्हणून. आणखी काय?"

मला आठवड्यातून रविवार हा एकच दिवस झोपायला मिळायचा. तरी गेले बाबांबरोबर, बस बदलत, धुसफुसत.

दार उघडणाऱ्या बाईंचे केस विस्कटलेले होते, पदर कमरेला खोचलेला. आतल्या कॉटवर त्यांचे यजमान झोपून होते. अर्धांगवायूचा झटका आला होता, बोलणं गेलं होतं. बाबांनी चपला काढल्या आणि उभ्यानंच सांगून टाकलं, "बाई, तुमची बहिणीकडे जाणाऱ्या बाईची कथा आम्हाला फार आवडली."

त्या आमच्याकडे बघतच राहिल्या. "ती? ती कुणी वाचली असेल असं मला वाटलं नव्हतं."

"ती एक दिवस आधी का येते?" मी विचारलं.

"मलाही नीट कळलं नव्हतं गं. लिहिताना वाटलं, आता हिनं निघावं."

बाबा हळूच म्हणाले, "दमली असणार. लाड करून घ्यायलापण जीव लागतो."

बाईंनी मान हलवली. मग जरा संकोचून म्हणाल्या, "एक विचारू? ह्यांना कुशीवर करायचंय. मला एकटीला होत नाही." बाबा लगेच पुढे झाले. पाठीखाली हात घालून त्यांनी यजमानांना अलगद वळवलं, उशी लावली. बाईंनी चादर सारखी केली आणि तिथेच भिंतीला टेकल्या.

"थोडं बसाल का? मी जरा पाठ टेकते."

बाहेरच्या खोलीत जाऊन त्या आडव्या झाल्या, आणि पाहता पाहता घोरायला लागल्या. आम्ही दोघं कॉटपाशी बसून राहिलो. काय करावं कळेना, म्हणून मी पिशवीतला अंक काढला आणि ती कथा यजमानांना वाचून दाखवली. त्यांना किती समजलं कोण जाणे. डोळे उघडे होते, माझ्या तोंडाकडे लागलेले.

उन्हं उतरल्यावर बाई दचकून उठल्या. इतक्या ओशाळल्या की चहा करताना सारखं "कमाल झाली माझी" म्हणत होत्या. लिहिण्याबद्दल आमचं बोलणंच झालं नाही. निघताना बाबांनी विचारलं, "बुधवारी येऊ? मी रिकामाच असतो."

त्यानंतर ते दर बुधवारी मुलुंडला जात. यजमानांना पुसायला, वळवायला मदत करत, आणि बाई तेवढा वेळ झोपून घेत. घरी येऊन ते मला फार काही सांगत नसत. जेवायचे आणि लवकर निजायचे. पण गॅलरीतली खुर्ची निदान त्या दिवशी रिकामी असायची. यजमान गेले त्या दिवशीही बाबा तिथेच होते. पुढे बाई मुलाकडे नागपूरला गेल्या. त्यांनी पुन्हा काही लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

अजूनही कुणी मला विचारतं, एखादी चांगली कथा सांग ना. मी बहिणीकडे जाणाऱ्या बाईची कथा सुचवते. मग ते विचारतात, कुठे मिळेल? मिळणार नाही, म्हणते, आणि मला येते तशी सांगायला बसते.