पेटीचा धनी

बयाबाईचे गुडघे गेले ते १९४४ सालच्या पावसाळ्यात. गेले म्हणजे एकदम गेले नाहीत. आधी उजवा कुरकुरला, मग डाव्यानं त्याचं ऐकलं, आणि भादवा संपेपर्यंत दोघांनी मिळून ठरवून टाकलं की आता मेंढरांमागं चालायचं नाही. बयाबाईला कुणी विचारलं नाही.

चाळीस वर्षं ही बाई दिवाळी झाली की विट्याच्या पूर्वेकडच्या बोरमाळातून निघायची आणि मेंढरांबरोबर कृष्णाकाठानं कऱ्हाडपर्यंत, कधी त्याच्याही पुढं चालत जायची. परत यायची ती ज्येष्ठात. धनगरांच्या ह्या फिरत्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. त्याला भिंती नसतात, त्यामुळं तो कधी पडत नाही. ह्या वाड्यात चालता न येणाऱ्यांसाठी एकच जागा असते, ती म्हणजे घोड्याची पाठ. तिथं कोंबड्यांचं खुराडं, तवा, रात्री जन्मलेली कोकरं आणि म्हातारी माणसं, एवढ्यांची सोय होते.

तिचा लेक अर्जुना तिला म्हणाला होता की ह्या साली घरीच राहा, गुडघ्यांना तेल चोळ. बरं वाटलं तर ठीक, नाही तर पुढच्या दिवाळीला घोड्यावर बसवून नेतो. पोरगा मायेनंच म्हणाला. पण बयाबाईनं आपली सासू त्या घोड्यावर तीन वर्षं पाहिली होती. पहिल्या वर्षी म्हातारी वरून हुकूम सोडायची. दुसऱ्या वर्षी नुसती बघायची. तिसऱ्या वर्षी तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, कोंबड्यासुद्धा. घोड्यावर जायचं नाही, एवढं बयाबाईनं मनाशी धरलं. पण बोरमाळात राहायचं तर काय म्हणून राहायचं, हे तिला कळत नव्हतं. काम असलं तर माणूस गावात राहतं. नुसतं राहणं तिला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी खंडेनवमीच्या दिवशी गावात एक पेटी आली.

पेटी पाठवली होती आप्पासोंनी. आप्पासो बोरमाळचेच, पंधराव्या वर्षी गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या कामात, मद्रासेला गेले आणि तिकडंच मोठे झाले. मद्रासेत त्यांनी बड्या लोकांची चार-चार वर्षांची पोरं एका नव्या तऱ्हेच्या शाळेत जाताना पाहिली. तिथं छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. पोरं जमिनीवर बसून लाकडी ठोकळे आणि मणी हाताळत होती आणि त्यातून म्हणे शिकत होती. इटलीतल्या कुणा बाईंनी काढलेली ही रीत होती. आप्पासोंना स्वतःच्या पाठीवरचे पंतोजींचे वळ आठवले असावेत. त्यांनी सगळं सामान विकत घेतलं, पेटीत भरलं आणि रेल्वेनं, मग बैलगाडीनं, बोरमाळला पाठवून दिलं. सोबत चिठ्ठी होती की ही बारक्या पोरांना शिकवायची हत्यारं आहेत, दिवाळीनंतर सांगलीहून शिकवणारी बाई येईल, तिचा पगार मी देईन.

चिठ्ठी वाचली पाटलांनी. हंबीरराव पाटील पहिल्या महायुद्धात हवालदार होते. त्या साली सातारा जिल्ह्यात दोन सरकारं चालू होती, एक गोऱ्यांचं आणि एक भूमिगत पोरांचं, त्यामुळं पाटील कुठलंही काम फार विचार करून करत. त्यांनी चिठ्ठीतला ‘हत्यारं’ हा शब्द दोनदा वाचला. खंडेनवमीला ज्याचं त्यानं आपलं हत्यार पुजायचं असतं. भैरोबाच्या देवळात नांगराचा फाळ, विळे, लोहाराचा घण आणि पाटलांची तलवार मांडून झाली होती. पाटलांनी पेटी त्यांच्या शेजारी ठेवायला लावली. झाकण उघडलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ज्यानं त्यानं आपलं हत्यार उचललं आणि कामाला लागला. पेटी तेवढी राहिली. पुजलेलं हत्यार त्याच्या धन्यानंच उचलायचं असतं आणि पेटीचा धनी कोण, हे चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

महिन्याभरानं सांगलीहून लीलाबाई आल्या तेव्हा पेटीपुढं नंदादीप होता. सव्वीस वर्षांची ही बाई अकाली विधवा झालेली, चष्मा लावणारी, पुण्यात सहा महिने राहून नवी रीत शिकलेली. त्यांनी सरळ पेटीला हात घातला. पाटलांनी त्यांना अदबीनं थांबवलं. पूजेच्या दिवशी आपण नव्हता, तेव्हा धनी आपण होऊ शकत नाही. पुढल्या खंडेनवमीला पेटी पुन्हा पुजू, मग आपण खुशाल उचला, असं त्यांनी समजावलं. लीलाबाईंनी बरंच सांगून पाहिलं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना पेटीवर एक फूल ठेवलं.

अशा रीतीनं बोरमाळची बालशाळा देवळाच्या सभामंडपात, सामान सहा हातांवर असताना, सामानाशिवाय सुरू झाली. पहिल्या दिवशी चौदा पोरं चष्मा बघायला आली. चष्मा बघून झाल्यावर चौथ्या दिवशी पाच उरली. पोरं गोळा करून आणायला कुणी तरी पाहिजे होतं. वाडा नुकताच गेला होता आणि मागं राहिलेली बयाबाई देवळाच्या पायरीवर दिवसभर बसलेली असायची. पाटील म्हणाले, हिलाच सांगा, हिला हाकायची सवय आहे.

बयाबाईला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. पण सभामंडपात एक नजर टाकून ती सांगायची की सुताराची धाकटी आली नाही. लीलाबाई हजेरीचं पुस्तक उघडायच्या, नावं वाचायच्या आणि शेवटी सुताराच्या धाकटीपाशी येऊन थांबायच्या. न मोजता हे कसं कळतं, असं त्यांनी एकदा विचारलं.

“मोजायचं कशाला,” बयाबाई म्हणाली. “उणं दिसतंय की.”

लीलाबाईंपाशी पुण्याहून आणलेली एक वही होती. दुपारी पोरं गेली की त्या ती उघडून बसायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. बयाबाईनं एकदा विचारलं, त्यात काय लिहिलंय. लीलाबाईंनी वाचून दाखवलं. पोराला आधी बोटांनी शिकू द्यावं. मऊ काय, खरखरीत काय, हे डोळे मिटून ओळखू द्यावं. पण त्याच्या पट्ट्या पेटीत होत्या. दुसऱ्या दिवशी बयाबाई पदरातून लोकर घेऊन आली. कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ, म्हाताऱ्या मेंढीची राठ लोकर, पावसात भिजून वाळलेली, आणि घोंगडीचा तुकडा. पोरांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवली. ती दुपार फार लांबली. उन्हाचा पट्टा देवळाच्या फरशीवरून सरकत सरकत पोरांच्या मांड्यांवर आला, तरी कुणी उठलं नाही. जावळ हातात धरून एक पोर बसल्या बसल्या झोपलं, आणि त्याची मूठ झोपेतही अंदाज घेत राहिली.

मग वहीत आवाज निघाले. सारख्या दिसणाऱ्या घंटा, त्यातून जोड्या लावायच्या. बयाबाईच्या घरात खुंटीला जुन्या मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या होत्या. तिनं त्या आणल्या. ती एकेक वाजवायची आणि प्रत्येकीबरोबर तिला एकेक मेंढी दिसायची. ही पाडळीच्या ओढ्यात वाहून गेलेली. ही दोन-दोन कोकरं देणारी. ही आंधळी, जी दुसरीच्या आवाजामागं पाच वर्षं चालली. ती वाजवत राहायची आणि सभामंडपात हळूहळू एक अख्खा कळप जमा व्हायचा. भैरोबाच्या खांबांतून वाट काढत, धूळ न उडवता यायचा आणि पोरांच्या मधे मधे बसायचा. पोरं म्हणायची, ही त्या कोपऱ्यातलीची बहीण. आणि ती खरंच तिची बहीण असायची.

महिन्याभरात लीलाबाईंच्या लक्षात आलं की वहीतलं पान उलटावं आणि बयाबाईनं घरातून काही तरी आणावं, असंच चाललं आहे. त्यांनी तसं बोलून दाखवलं.

“मग ती इटलीची बाई धनगराचीच आसंल,” बयाबाई म्हणाली. “तिच्याकडं मेंढरं किती हायती?”

लीलाबाईंना हे नक्की ठाऊक नव्हतं.

पण एक गोष्ट वहीत होती आणि बयाबाईत नव्हती. पोर चुकलं की तिचा हात आपोआप पुढं व्हायचा. धरायचा, ओढायचा, योग्य जागी नेऊन ठेवायचा. वर एक चापटही द्यायचा, रागानं नव्हे, सवयीनं. लीलाबाई तो हात हळूच धरायच्या आणि म्हणायच्या, थांबा. चुकू द्या. त्याचं त्याला कळू द्या. बयाबाईला हे मेंढ्या मोकळ्या सोडून देण्यासारखं वाटायचं. ती हात मांडीखाली दाबून बसायची. दोन आठवड्यांनी तिनं आपणहून सांगितलं की असं एक काम तिनं केलं आहे. पहिलटकरीण मेंढी कोकराला जवळ घेत नाही, तेव्हा दोघांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, सोडायचं आणि बाहेर बसून राहायचं. मधे हात घातला की वास बदलतो आणि मग ती कधीच घेत नाही. लीलाबाईंनी हे वहीत लिहून घेतलं. वहीत पुण्याबाहेरचं लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

चैत्रात भैरोबाच्या जत्रेला आप्पासो आले. जरीकाठी उपरणं, बोलण्यात मद्रासी हेल. गावानं त्यांना मोठ्या अभिमानानं पेटीपाशी नेलं. पेटीला झेंडूच्या माळा होत्या, तेलाचे ओघळ होते. एका गरोदर बाईला तिच्यापुढं नवस करून मुलगा झाला होता, त्याचा पाळणा वर टांगला होता. आप्पासोंनी पेटीवरून नजर पाळण्यापर्यंत नेली.

मग ते म्हणाले, “पाटील, मी पोरास्नी खेळणी धाडली हुती. तुमी देव बसवलासा.”

पाटलांनी रीत समजावली. आप्पासोंनी सांगितलं की रीत मला ठाऊक आहे, पण मग इथं शाळेचा उपयोग काय. उद्या पेटी विट्याला नेतो, बाईंचीही तिथंच सोय करतो. लीलाबाईंनी चष्मा काढून पुसला. बयाबाई खांबाला टेकून उभी होती. शाळा विट्याला गेली तर बोरमाळात आपण उरतो आणि ती पायरी, हे तिला लगेच कळलं. पायरीनंतर घोड्याची पाठ, हेही.

पण तिला तोंड उघडायची वेळ आली नाही. मोठी माणसं रीतीवर बोलत होती तेवढ्यात पाटलांची नात अंजना, चार वर्षांची, त्यांच्या धोतरांमधून वाट काढत पेटीशी जाऊन बसली. तिनं माळा बाजूला सारल्या. आत एक लांब लाकडी ठोकळा होता, त्याला दहा भोकं आणि दहा भोकांत दहा लाकडी गट्टू, कमी-जास्त जाडीचे. पोरीनं सगळे गट्टू उपसून मांडीत घेतले.

 पाटील पुढं झाले आणि त्यांनी नातीचा दंड धरायला हात लांब केला. बयाबाईचाही हात सुटला होता. चाळीस वर्षांची सवय. पण तो पोरीकडं गेला नाही. तो पाटलांच्या मनगटावर पडला.

“थांबा पाटील,” ती म्हणाली. “चुकू द्या तिला.”

धनगराच्या म्हातारीनं पाटलाचा हात धरावा, हे बोरमाळात कुणी पाहिलं नव्हतं. पुढं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळं कुणी काही केलं नाही. पोरीला ह्याचं काहीच नव्हतं. ती एकेक गट्टू भोकात बसवत होती. कुंकवानं बोटं लाल झाली होती. नऊ बसले आणि दहावा बसेना. उरलेलं भोक बारीक आणि हातातला गट्टू जाड. तिनं तो दाबून पाहिला, उलटा करून पाहिला. लीलाबाईंनी हात पाठीमागं बांधून घेतले. बयाबाईनं पाटलांचं मनगट सोडलं नाही. पाटलांची बोटं तिच्या पकडीत आपोआप हलू लागली होती. पोरीनं सगळे गट्टू पुन्हा उपसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या खेपेला ती प्रत्येक भोकात आधी बोट घालून बघत होती. बाहेर जत्रेतला ढोल चालू होता, तो कुणाला ऐकू येत नव्हता.

दहावा बसला. पोरीनं वर बघितलं, शाबासकीसाठी नव्हे, आणखी काय आहे ते विचारण्यासाठी.

आप्पासोंनी उपरण्यानं तोंड पुसलं. पाटलांनी मनगट सोडवून घेतलं आणि घसा साफ केला. ते म्हणाले, “धनी सापडला म्हणायचा. आता आमच्याच घरातला निघाला, त्याला आमी काय करावं.”

पेटी बोरमाळातच राहिली. पाटलांच्या नातीपाठोपाठ इतरांची पोरं आली, कारण धनी एकाच घरातला असावा, हे बाकी गावाला पटण्यासारखं नव्हतं. आप्पासोंनी मद्रासेला जाताना बयाबाईलाही पगार लावून दिला.

ज्येष्ठात वाडा परत आला. अर्जुना आईला शोधत देवळात आला तेव्हा सभामंडपात तीस पोरं बसली होती आणि पानाचाही आवाज नव्हता. लीलाबाईंनी नवीनच सुरू केलेला खेळ होता तो. सगळ्यांनी डोळे मिटायचे, अगदी निःशब्द व्हायचं. कोपऱ्यातून बयाबाई एकेकाला इतक्या हळू हाक मारणार की ती फक्त त्यालाच ऐकू यावी. मग त्यानं पाऊल न वाजवता तिच्यापर्यंत चालत यायचं.

अर्जुना दारात उभा राहून म्हणाला, “आये, चल...”

बयाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. वाऱ्यापावसात मेंढरं राखलेला तो गडी जोडे काढून उंबऱ्याजवळ बसला. समोर पोरं एकेक करून उठत होती, तरंगल्यासारखी आईकडं जात होती. फरशीवर ऊन होतं. कुठं तरी पारवा घुमला आणि तोही दबकला. वाट बघता बघता अर्जुनानं डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं त्याला आपलं नाव ऐकू आलं. इतक्या हळू त्याला लहानपणापासून कुणी हाक मारली नव्हती. तो उठला आणि पाऊल न वाजवता चालू लागला.