पोत्यावर काय उरलं?

नामदेव गेला, हे त्याच्या बायकोनं मला फोनवर दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. मोहाडीच्या बाजाराचा दिवस होता. दुकानात एक डिझेल इंजिन सुरू करून पाहत होतो आणि त्या धडधडीत फोनवरचं काहीच कळेना. "काय म्हणता वहिनी? जोरानं बोला!" मी ओरडलो. तिनं जोरानं सांगितलं... साध्या तापासाठी नागपूरला नेलेला माणूस. येईल परत, असं धरून मी त्याचीही कामं अंगावर घेतली होती. आता महिना उलटून गेला.

आम्ही दोघांनी मिळून इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हाच त्यानं एक रीत घालून दिली. सुटे भाग धुऊन पोत्यावर मांडायचे, एकानं इंजिन जोडायचं, दुसऱ्यानं पोतं बघायचं. "आपली चूक आपल्याले नाही दिसत बे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझं जोडून झालं की विडी विझवून यायचाच, "का बे, पोत्यावर काय उरलं?" त्याच्या या फौजदारकीचा मला रागही यायचा.

एकदा मात्र तो स्वतःच सापडला. रोवणीचे दिवस होते. नामदेवनं जोडलेलं इंजिन एकोडीचा एक शेतकरी मला पोतं बघूही न देता घाईनं घेऊन गेला. मागाहून मी पोतं झटकलं, तर तारेचं एक बारीक कडं खाली पडलं. पिस्टनची पिन जागेवर धरून ठेवणारं लॉक. ते नसलं तर पिन हळूहळू सरकते आणि सिलिंडर कापून काढते. नामदेवचा चेहरा उतरला. तसेच मोटरसायकलवर निघालो. पोचलो तेव्हा इंजिन झकास चाललं होतं, लहान तळ्याएवढ्या बोडीतलं पाणी धानाच्या बांधीत पडत होतं आणि बाया चिखलात उतरून रोप लावत होत्या. नामदेवनं जाऊन सरळ इंजिन बंद केलं.

"चालून राह्यलं होतं ना बावा! काहून बंद केलं?" शेतकरी अंगावरच आला.

"एक लॉक बसवाचा राह्यला काका. माही चूक हाये."

"रोवणा झाल्यावर कर मंग."

"तोपर्यंत इंजन नाही वाचणार तुमचं."

बाया कंबरेवर हात ठेवून हसायला लागल्या. एक म्हणाली, "मिस्त्री, घरी जेवाले बसशीन तं घास तोंडात टाकाले भुलजो नोको!" त्यानं मान खाली घालून पाने काढले. बांधावरच हेड खोललं, पिस्टन बाहेर काढला, लॉक बसवलं, सगळं पुन्हा जोडलं. सांजेला पाणी सुरू झालं तेव्हा शेतकऱ्यानंच त्याला चहा पाजला.

लोक म्हणतात, सवय होईल. मला नाही वाटत. सकाळी शटर वर करतो ते केवळ घरात बसवत नाही म्हणून. दुसरा मिस्त्री ठेव, असंही सुचवतात. ठेवीन कदाचित... पण माझ्यावर ओरडायचा हक्क त्याला कुठून देऊ?

परवा एक इंजिन जोडून झालं. पोत्यावर काही उरलं नव्हतं. तरी मी उठलो आणि सवयीनं बाजूला सरकलो, त्याला वाकून पाहता यावं म्हणून.

"झालं न भाऊ? नेऊ का?" गिऱ्हाइकानं विचारलं.

पोतं अजून दुसऱ्या कोणी बघितलं नव्हतं. मी पाना उचलला आणि ते चांगलं जोडलेलं इंजिन पुन्हा खोलायला बसलो.