पट्टीआडचे दहा दिवस

तेव्हा मी पंचवटीत भाड्याच्या एका खोलीत राहत होते आणि जवळच्याच शाळेत शिकवत होते. वडील, आमचे बा, सुरगाण्याकडच्या डोंगरात एकटेच असत. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, अंगणात उभी राहिले, तर बा माझ्याकडे बघत म्हणाले, "कोण हाय?"

"बा, मी."

"उन्हाकडनं आलीस बाय, म्हणून नाय दिसली."

ऊन माझ्या तोंडावर होतं.

संध्याकाळी ते भाकरी करायला बसले. तवा तापला की नाही हे तळहात जवळ नेऊन अजमावत होते. बोटांवर भाजल्याचे जुने-नवे डाग होते. सकाळी मी त्यांना जीपमध्ये बसवलं आणि नाशिकला घेऊन आले.

मोतीबिंदू पिकला होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं निजवत. खोकायचं नाही, वाकायचं नाही, चावून खायचं नाही. चौथ्या दिवशी, मान हलू न देता, रिक्षाने त्यांना माझ्या खोलीवर आणलं. मी रजा काढली.

चमच्याने पेज भरवायची, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. दहा वर्षांची असताना आश्रमशाळेत गेले ती गेलेच; बांचा देह इतक्या जवळून मी कधी पाहिलाच नव्हता. खांद्यावर कावडीचा घट्टा, पोटरीवर कोयत्याचा व्रण. व्रणावरून हात फिरला की बा त्याची गोष्ट सांगत.

दुपारी खोलीत मऊ उजेड असायचा. बा हळूच म्हणायचे, "भाताची लावणी चाललीय बघ. तुझी आई लुगडं खोचून उभी हाय. नुसतं पाणी. आभाळच खाली उतरलंय."

"मी कुठे आहे?"

"बांधावर. चिखलात पाय घालून बसलीस."

मीही डोळे मिटून घ्यायची. थोड्या वेळाने पाय खरोखर गार वाटायचे. देवळात घंटा वाजली की ते विचारत, "गुरं आली?" मी म्हणायची, "आली." खोटं बोलतेय असं वाटायचंच नाही. त्या दिवसांत आम्ही जितकं बोललो, तितकं आधी आयुष्यभरात बोललो नव्हतो.

दहाव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी तात्पुरतं जाड भिंग डोळ्यापुढे धरलं. बा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"बाय, तुझे केस पिकले."

"चार-पाच वर्षं झाली, बा."

"मग एवढे दिवस मी कुणाला बघत होतो?"

त्यांनी हात लांब केला आणि माझ्या कपाळावरची बट बोटांत धरून ठेवली.

दीड महिन्याने चष्मा मिळाला. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसे. चहाच्या कपाच्या अलीकडेच त्यांची बोटं मिटत. घाटाची पायरी उतरताना "दगड वर आला" म्हणून थबकत. मी हात धरून त्यांना पुन्हा चालायला शिकवलं. दुसऱ्या डोळ्याचं मात्र त्यांनी ऐकलं नाही.

"एक पुरे. आता घरी सोड."

"इथंच राहा की, बा."

"इथं बघण्याजोगी तूच. तू तर सुट्टीत येतेसच."

होळीआधी त्यांना पोचवायला गेले. चुलतभावाच्या बायकोने दोन्ही वेळच्या भाकरीचं मनापासून कबूल केलं, डोळ्यात थेंब घालायला मी तिला शिकवलं. बा दारात उभे राहून घर न्याहाळत होते. कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं, चुलीमागे राखेचा थर.

"अरे देवा, एवढी घाण!" असं म्हणत त्यांनी केरसुणी उचलली. मी पुढे झाले, तर त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. मग मी उंबऱ्यावर बसले आणि त्यांना झाडू दिलं.